थोरलीचं ताट

मी चौथी शिकलेला माणूस. पालिकेत चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे पाण्याच्या लायनीचे वॉल उघडणारा आणि बंद करणारा. लिहायचं काम एवढंच, कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडलं ते रजिस्टरात टाकायचं. तेव्हा माझ्याकडून सुबक लिखाणाची अपेक्षा ठेवू नका. बायको जाऊन आठ महिने झाले आणि तिच्याशी बोललेली एक खोटी गोष्ट माझ्या गळ्यात अडकली आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी घर सांगतो. भांडुपच्या टेकडीवर आमची खोली. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली कपाटात बायकोचं बायबल. ती ख्रिस्ती घरातली, मी बौद्ध. पण दोन्ही घरं नगरकडची, एकाच तालुक्यातली, आणि दोन्ही गावाच्या वेशीबाहेरचीच. तिच्या आजोबानं येशूचा हात धरला, माझ्या बापानं बुद्धाचा. दार वेगळं, पण बाहेर पडलो ते एकाच घरातून. लग्न रजिस्टर केलं. ती माझ्याबरोबर विहारात येऊन त्रिशरण म्हणायची आणि नाताळात धाकट्या बहिणीबरोबर मुलुंडच्या चर्चमध्ये मिस्सेला जायची. त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. भांडण झालं ते टाकावरून.

टाक म्हणजे चांदीचा अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर माणसाची आकृती ठोकलेली. पूर्वी देवघरात पूर्वजांचे असे टाक असायचे. बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. त्यानं घरातले सगळे देव आणि टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. एकच राहिला, आईच्या गळ्यातला. आई बापाची दुसरी बायको. पहिली, जिला घरात सगळे थोरली म्हणायचे, ती दुष्काळात गेली. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, अशी रीत. बाप म्हणाला, हाही दे. आई म्हणाली, "हा देव न्हाई. ही माझी सवत हाय. देवाला सोडते, सवतीला कशी सोडू?" बाप बाकीचं गाठोडं घेऊन नदीकडे गेला.

आई वर्षातून एकदा, सर्वपित्री अमावास्येला, बाप कामावर गेला की थोरलीसाठी ताट मांडायची. बाजरीची भाकरी, पिठलं, गुळाचा खडा. थोरली भुकेली गेली होती ना. बाप यायच्या आत तेच ताट आई आम्हा पोरांना वाटून द्यायची. मला वाटायचं त्या दिवशी आईच्या हातून भाकऱ्या जास्त होतात.

मरताना आईनं टाक माझ्या बायकोच्या हातात दिला. गळ्यात घालू नको, तू काय दुसरी नाहीस, म्हणाली. फक्त हिला उपाशी ठेवू नकोस. बायकोनं हो म्हटलं. मला दोघींनीही सांगितलं नाही.

मुलगी सहावीत असताना एकदा मी पाळी बदलून दुपारीच घरी आलो. पाटावर ताट, ताटासमोर तो टाक, आणि बायको डोक्यावर पदर घेऊन बसलेली. माझं डोकंच फिरलं. श्राद्ध नाही, पिंड नाही, अशी शपथ घेतलेलं आमचं घर. वस्तीत मी विहाराच्या कमिटीत, लोकांच्या घरातले गंडेदोरे सोडवणारा. तिचा डावा कान अधू होता, त्यामुळे भांडताना मी नेहमी उजवीकडे उभा राहायचो. तसाच उभा राहिलो.

म्हटलं, "तू तर ख्रिस्ती घरातली. तुमच्यात तरी हे आहे का?"

ती म्हणाली, "भुकेल्याला जेवायला घाला असं येशू म्हणाला. मेलेल्याला घालू नका असं कुठं म्हणालाय?"

"मेल्यावर काही उरत नाही. उरतं ते आपलं कर्म."

"मग हे माझं कर्म समजा. तुमची भाकरी झाकून ठेवलीय, ती खा."

मी टाक उचलला आणि घराबाहेर पडलो. संध्याकाळी परत आलो आणि सांगितलं, पवईच्या तलावात टाकून आलो. विषय संपला.

तिनं उठून पदर खोचला. ताट मोरीत नेऊन घासलं.

आता खरं सांगतो. तलावापर्यंत गेलो होतो. काठावर उभा राहून हातही उचलला होता. पण तो पत्रा आईच्या गळ्यात तीस-पस्तीस वर्षं होता, घासून घासून त्या बाईचं नाक गेलेलं. माझ्या हातून सुटेना. मग मी तो वॉलच्या चाव्यांच्या पत्र्याच्या पेटीत, ग्रीसच्या डब्याखाली, फडक्यात गुंडाळून ठेवला. वाटलं, चार दिवसांनी सांगू. चार दिवसांनी वाटलं, आता सांगितलं तर हसेल. मग वर्ष गेलं. खोटं एकदा जुनं झालं की त्याला हात लावायला नको वाटतं, गंजलेल्या वॉलसारखं. जोर लावला तर फुटायची भीती.

शहाण्यासारखं बोलणारा मीही काही कोरा नव्हतो. पहाटेचा पहिला वॉल मी कधी डाव्या हातानं उघडला नाही. का, ते मला विचारू नका. बायको पोरीची मीठ-मिरचीनं दृष्ट काढायची आणि वरून क्रूसाची खूण करायची. मेहुणी, बायकोची तीच धाकटी बहीण, मंगळवारी नखं कापत नाही, वर म्हणते फादरला सांगू नका. बायबल घरात होतं, ते मला चाललं. टाक चालला नाही. आता कळतं, दुसऱ्याचा देव माणसाला चालतो, आपण सोडून आलेला चालत नाही. तो दिसला की वाटतं, हा आपल्याला परत न्यायला आलाय.

बायको गेली थंडीत. आमच्या पद्धतीनं अग्नी दिला, जलदान विधी केला. मेहुणीला तिचं दफन हवं होतं. ती नंतर एकदा खोलीवर आली तेव्हा चहा पिता पिता म्हणाली, "दाजी, आमच्यात नोव्हेंबरात मेलेल्यांचा दिवस असतो. आईबापाच्या कबरी झाडते, फुलं ठेवते, मेणबत्ती लावते. हिला कुठं भेटायला जाऊ मी? तुम्ही तर सगळं नदीला दिलं."

मी म्हटलं, "तुमच्यात तर ती झोपलीय ना, शेवटच्या दिवशी उठणार. मग भेट."

"तुमच्यात?"

"आमच्यात कोण उठत नाही."

"मग तुमच्यात बरं आहे. वाट बघायला नको," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "पवईला जाऊ का? ती तिथं जायची."

मी विचारलं, पवईला कशाला.

मेहुणी पुढे सरकली. "तुम्हाला खरंच माहीत नाही? दर वर्षी सर्वपित्रीला डबा घेऊन जायची ती. तुमच्या थोरलीला तुम्ही पाण्यात टाकलं म्हणून काठावर वाढून यायची. गुडघे गेले तेव्हापासून मी सोबत जायचे. रिक्षात म्हणायची, सासूला शब्द दिलाय. आणि म्हणायची, ह्यांना सांगू नको, चिडतील."

मी मोजलं. मुलगी सहावीत होती, आता तिचीच मुलगी कॉलेजात जाते. एवढी वर्षं माझी बायको भाकरी बांधून एका रिकाम्या पाण्याला जेवायला घालत होती. आणि जिला घालत होती ती माझ्या खाटेखाली, ग्रीसच्या वासात.

मी उठलो, पेटी ओढली, फडकं सोडून टाक मेहुणीसमोर ठेवला.

तिनं तो उलटासुलटा करून बघितला. मग तिनं मला अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येत नाहीत. साठी उलटलेल्या, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या बाईला त्या येतात हे मला नवीन होतं. मी ऐकून घेतल्या. शेवटी म्हणाली, "माझ्या बहिणीचे गुडघे होते हो ते," आणि रडायला लागली. मीही रडलो. जलदान विधीत रडलो नव्हतो.

त्यानंतर मला झोप धड लागेना. मेल्यावर काही उरत नाही, हे मला पटतं, अजून पटतं. पण मनात एकच येई. बायको गेली. या वर्षी थोरलीला कोण वाढणार? आणि बायकोला? शपथ मोडायची नव्हती. बापानं ती मान ताठ करून घेतली होती, आमच्या पोरांनी शाळा बघितली ती त्यामुळेच. त्या शपथेवर मी थुंकणार नाही. पण बायकोचा शब्दही होता, आणि तिला मी इतकी वर्षं फसवलं होतं.

सर्वपित्रीला सकाळी उठून बाजरीचं पीठ मळलं. आयुष्यात पहिल्यांदा. भाकरी थापताना चिरा पडत होत्या, तव्यावर टाकली तर तुकडे. चौथी जरा गोल झाली, एका बाजूला करपलेली. पिठलं शेजारणीला विचारून केलं. तिनं दारातूनच विचारलं, "काका, आज पाहुणे?" मी म्हटलं, हो, दोघी आहेत. डब्यात गुळाचा खडा टाकला, टाक खिशात, आणि एक काळा गोफ विकत घेतला. कशाला, ते तेव्हा माझं मला नक्की नव्हतं. मनात ठरवलं होतं ते वेगळं. टाक पाण्यात टाकायचा आणि जुनं खोटं खरं करून टाकायचं. म्हणजे निदान बायकोच्या सगळ्या भाकऱ्या योग्य पत्त्यावर गेल्या असं होईल.

मेहुणी मुलुंडहून आली होती, पिशवीत मेणबत्ती. तलावाच्या काठी मगरींपासून सावध राहा अशी पाटी आहे. ती पाटी ओलांडून तिनं मला एक दगड दाखवला. "इथं ठेवायची."

मी खिशातून टाक काढला. काय करणार आहे ते सांगितलं.

ती म्हणाली, "एकदा नाही टाकवलं, ते एकच काम तुम्ही बरं केलं. आता तेही बिघडवता?"

"मग काय करू? पेटीत परत ठेवू?"

"मला काय विचारता? तुमची सवत आहे."

"माझ्या आईची."

"तेच ते."

मी दगडावर कागद पसरला. भाकरीचे दोन भाग केले. एक थोरलीचा, एक बायकोचा. गुळाचा खडा दातानं फोडून दोन्हीकडे ठेवला. हे श्राद्ध नाही. मंत्र नाही, भटजी नाही, पिंड नाही. दोन बाया उपाशी होत्या, त्यातल्या एकीला मी फसवलं होतं, म्हणून वाढलं. कमिटीनं विचारलं तर हेच सांगेन.

तेवढ्यात शिट्टी वाजवत सिक्युरिटीवाला आला. "ओ काका, इधर खाना डालना मना है. मगरमच्छ आता है."

म्हटलं, "मालूम है. ये घरवालों का है. पाच मिनिट दे, फिर उठा लूँगा."

तो आमच्याकडे बघून लांब जाऊन उभा राहिला, पाठ फिरवून. मेहुणीनं मेणबत्ती लावली. वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. मग मी दोन्ही तळहातांचा आडोसा केला आणि ती पुटपुटत प्रार्थना म्हणत राहिली. मला प्रार्थना येत नाही. हातांचा आडोसा धरून बसलो, चटका लागेपर्यंत.

मग गोफ काढला, टाक त्यात ओवला. गाठ मला मारता येईना, बोटं वाकडी झालीत वॉल फिरवून फिरवून. मेहुणी म्हणाली, "काय करताय? बाईनं घालायचा असतो. तोही दुसरीनं, पहिलीसाठी."

"बायको गेल्यावर नवऱ्यानं घालायचा असं कुठं नाही?"

"रीत नाही तशी."

"मनाई आहे?"

तिनं हात पदराला पुसले. मग माझ्या मागे आली आणि मानेवर गाठ मारली, दोनदा, घट्ट. पत्रा छातीला गार लागला. नाक गेलेली ती बाई. थोरली म्हणा, आई म्हणा, नाहीतर माझी बायको. आता तिघी एकाच दोऱ्यात.

कागदावरची भाकरी उचलून आम्ही दोघांनी खाल्ली. आई वाटायची तशीच. करपलेली बाजू मी घेतली. मेहुणी म्हणाली, "मीठ विसरलात." तेही खरं होतं.

उठायच्या आधी मी पाण्याकडे तोंड केलं. मेलेल्याला ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. तरी म्हटलं, "पाण्यात नव्हती गं ती. माझ्याकडेच होती. खोटं बोललो मी."

मेहुणी पिशवी आवरत होती. वर न बघता म्हणाली, "मोठ्यानं बोला, दाजी. डाव्या कानानं कमी ऐकायची ती."

मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं.