परातीतलं सोयाबीन

तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीत जणू सार्वजनिक मुतारी उघडली होती, आणि तिचा कारागीर मीच.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी कापडाच्या लूमवर कामाला. बायको खानदेशातल्या शेतकऱ्याची मुलगी. सुरतेत ती घरबसल्या साड्यांचे धागे कापायची आणि मातीसाठी झुरायची. कोसाडकडच्या एका गुजराती काकांनी कालव्याकाठचा तुकडा आम्हाला एका हंगामापुरता वाट्याने दिला. म्हणाले, "पाक सारो आला, पीक चांगलं आलं, तर पुढच्या वर्षीपण तुमचाच." तेव्हापासून ती कात्री चालवताना फक्त सोयाबीनचंच बोलायची.

तुकड्याच्या वरच्या टोकाला पाटाचं पाणी शिरायचं. तिथली काळी माती वर्षानुवर्षं खाली वाहून गेलेली. उरली होती पिवळट, निबर जमीन. डिंडोलीला बहिणीच्या बाळंतपणाला जाताना बायकोने बजावलं, "तिथं झाडं ठेंगणी राहतील, बी थोडं दाट टाका. शेणखत आणि सुपर फॉस्फेट द्या. युरियाला हात लावू नका, सोयाबीन मुळांच्या गाठींत आपलं नत्र आपणच करतं."

थोडं दाट! कापड विरळ पडलं की आम्ही आडवा धागा दाट करतो. तसंच हे, असं मी ठरवलं. बी दुप्पट घेतलं, आणि जमीन उपाशी आहे म्हणून युरियाही. तो बियांना चिकटावा म्हणून परातीत पाणी शिंपडून सगळं हाताने कालवलं आणि रात्रभर गोणपाटाखाली झाकून ठेवलं. सकाळी गोणपाट उचललं तर त्या वासाने डोळ्यांतून पाणी आलं. शेजारीण दारातून ओरडली, "काय हो, खोलीत म्हैस बांधली का?"

मी म्हटलं, औषध जहाल आहे! आणि ते चिकट, फुगलेलं बी अभिमानाने वरच्या टोकाला पेरून आलो. खाली काळ्या मातीत साधंच टाकलं. त्याच संध्याकाळी बायको डिंडोलीहून परतली.

आठ दिवसांनी खाली हिरव्या ओळी, वर टक्कल. काका आणि बायको बांधावर उभे असताना मी माती उकरली. बोटाला बुळबुळीत, पिवळा लगदा लागला, त्यात वळवळत्या अळ्या. काकांनी नाकाला रुमाल लावला. "भाई, हे पेरलं के पुरलं?"

बायकोने माझं बोट हुंगलं आणि चेहरा वाकडा केला. "हाच वास आपल्या परातीला येतोय!"

"धुतली होती मी."

"आठ दिवस त्याच परातीत भाकरी थापतेय मी! शी!"

त्या भाकऱ्या मीही खाल्ल्या होत्या. पण ती परातीवर थांबली नाही. म्हणाली, "एवढा एकच हंगाम होता हो."

तिच्या माहेरात सगळं बी कधीच पेरत नाहीत. नांगे भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी लावायला, थोडं मागे ठेवतात. तिचं पिठाच्या डब्यामागे होतं. मी पाट्या भरभरून शेणखत वाहिलं, तिने सगळ्या टोकावर बोटांनी भोकं पाडून एकेक बी पुन्हा लावलं. झाडं ठेंगणीच आली, पण दाट होती आणि शेंगांनी भरली.

काढणीनंतर काका बायकोला म्हणाले, "बेन, पुढच्या वर्षी जमीन तुमची. भाईने बियाला हात लावायचा नाही."

पुढच्या पेरणीला मी बांधावर उभा राहिलो, दोन्ही हात पाठीमागे.