श्रुतिका एका जागी बसते

श्रुतिका राणेला एका जागी बसलेलं चारकोपमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात ती तयार माल तपासायची. कुठे खडा सैल, कुठे कडी वाकडी, तो नग बाजूला काढायचा. बाकीच्या बायका हे काम स्टुलावर बसून करत, ही उभ्याने करी. घरी आली की फोन खांद्यात धरून भाजी चिरायची आणि भाजी अर्धी टाकून कपडे वाळत घालायला धावायची. सासू रत्नप्रभा कणकवलीकडची. सून पोटुशी राहिल्यावर ती म्हणायची, "एका जाग्यार बस गो जरा. पोटातल्या पोराक घेरी येतली."

सातव्या महिन्यात श्रुतिकाला लघवीला जळजळ सुरू झाली, अंगात कणकण राहू लागली. दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस रांगेत बसायचं, आणि बसणं तर तिच्या पत्रिकेत नव्हतं. नवरा सिद्धेश लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून येताना त्याने नाक्यावरच्या मेडिकलमध्ये सांगितलं, "मागे मला दिलेल्या ना, त्याच द्या." मेडिकलवाल्याने अर्धी पट्टी कात्रीने कापून दिली. कोणासाठी, काय, कसं, काही विचारलं नाही. दोन दिवसांत बरं वाटलं, तशा उरलेल्या गोळ्या मिसळणाच्या डब्यामागे गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा जळजळ, पुन्हा त्याच गोळ्या. आठवा लागला आणि एका दुपारी कारखान्यातच तिला हुडहुडी भरली. ताप आला, पाठोपाठ कळा.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. रडली ती दार करकरल्यासारखी, आणि लगेच तिला काचेच्या पेटीत नेलं.

सरकारी रुग्णालयातल्या त्या नवजात विभागाबाहेर लांबलचक पॅसेज होता. टाके ओले असताना श्रुतिका त्या पॅसेजमध्ये येरझारा घालू लागली. तिथेच तिला शकु भेटली. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणारी, दिसायला थोराड, बोलायला फटकळ. तिचा मुलगा शेजारच्याच पेटीत होता. दोघी एका बाकावर बसून वाटीत दूध काढत. म्हणजे शकु बसे. श्रुतिका दोन मिनिटांत उठे.

"अगं, अशी फिरत राहिलीस तर दुधाचं ताक होईल तुझ्या," शकु म्हणाली. त्या दिवसांत श्रुतिका हसली ती तेवढीच.

पोरीचं नीट चाललं होतं, आणि मग ती अचानक मलूल झाली. नळीतून दिलेलं दूध पोटात राहीना. पोट टम्म. मध्येच श्वास घ्यायला विसरायची, सिस्टर तळव्याला टिचकी मारून तिला आठवण करून द्यायच्या. डॉक्टर रेवती म्हणाल्या, रक्तात जंतू गेलाय. औषध सुरू केलं. उतार नाही. दुसरं सुरू केलं. मग रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा त्यांनी श्रुतिका आणि सिद्धेशला बाजूला बोलावलं.

"अजून भारी औषध द्या ना डॉक्टर," श्रुतिका त्यांना बोलूच देईना. "बाहेरून आणायचं असेल तर सांगा, हा आत्ता जाईल."

"भारीच चालू आहे गं. हा जंतू त्याला दाद देत नाही. ज्या औषधांनी तो मरायला हवा, ती त्याने पचवलीत. आता एक जुनं औषध उरलंय. किडनीवर जातं, कधी कानांवरही जातं, म्हणून आम्ही ते सहसा काढत नाही. ते देऊन बघते."

"आणि त्यानेही नाही झालं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आधी देऊ तर या."

सिद्धेश भिंतीला टेकला. श्रुतिका मात्र डॉक्टरांच्या मागे मागे चालत गेली. "मी गोळ्या अर्ध्या सोडल्या होत्या. मेडिकलमधून आणलेल्या. त्यामुळे झालं का हे?"

रेवती थांबल्या. "खरं सांगू? मला माहीत नाही. तुझ्याकडून आला असेल, वॉर्डातून आला असेल, एखाद्या नळीवरून आला असेल. तुझ्या लघवीत काय होतं ते तेव्हा कोणी तपासलंच नाही. त्या गोळ्या तशा घ्यायला नको होत्या, हे खरं. पण असा जंतू एका बाईच्या अर्ध्या पट्टीने तयार होत नाही."

ही समजूत होती की ठपका, ते श्रुतिकाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून ती कोपरापर्यंत हात धुऊ लागली, कातडी सोलवटेपर्यंत. रत्नप्रभा गावच्या देवाचा अंगारा घेऊन आली, तर ही दारात आडवी.

"नुसतो कपाळाक लावतंय गो. नातीक माझ्या."

"नाही आई. काही न्यायचं नाही आत."

"देवाच्या अंगाऱ्यान काय होतला? माका काय कळणा नाय?"

"मलाही नाही कळत! कशाने होतं तेच कोणाला कळत नाहीये!" श्रुतिका पॅसेजभर ऐकू जाईल अशी ओरडली. रत्नप्रभा वळली आणि तिने तो अंगारा बाकावर बसलेल्या सिद्धेशच्या कपाळाला भरपूर फासला. "बापाक लावलंय. पोचतलो."

शकुच्या मुलालाही तोच जंतू निघाला. तेच जुनं औषध त्यालाही दिलं. एके दुपारी श्रुतिका हात धुऊन आत गेली, तर शेजारची पेटी रिकामी होती आणि वॉर्डातल्या मावशी ती पुसत होत्या. शकु बाकावर बसली होती, पदर दुधाने भिजलेला. श्रुतिकाला पाहून ती म्हणाली, "जा, तुझी वाट बघत असेल ती." श्रुतिका आत गेली. बाहेर आली तेव्हा शकु निघून गेली होती.

पोरीचा ताप हळूहळू उतरला. दूध राहू लागलं. मग एके दिवशी प्रेमा सिस्टरनी तिला खुर्ची दाखवली. "बस. पोर छातीवर, उघड्या अंगाला अंग. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

"मला नाही जमायचं सिस्टर. माझे पाय..."

"पायांचं मला सांगू नको. तिला ऊब पाहिजे."

श्रुतिका बसली. पाय उठायला बघत होते, डोक्यात रिकामी पेटी फिरत होती, पेटी पुसणारं फडकं फिरत होतं. छातीवर लेक इवल्या नखांनी कातडी ओरबाडत होती. पाठीला रग लागली, नाकावर खाज आली, तरी ती हलली नाही. सिस्टर दोनदा विसरून गेल्या, तरी हलली नाही.

घरी आल्यावर मुलीचं नाव स्वरदा ठेवलं. पुढे कानांची तपासणी झाली, त्यात डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं असं निघालं. औषधाने, की जंतूने, की लवकर जन्मल्याने, तेही नक्की नाही. घरात सगळे उजवीकडून बोलायला शिकले. सिद्धेशला सर्दी-खोकला झाला आणि तो सवयीने मेडिकलकडे वळला, की श्रुतिका गॅलरीतून अशी हाक मारते की अख्खा सेक्टर वर बघतो.

एक काम मात्र ती लांबणीवर टाकत राहिली. शेवटी एका रविवारी स्वरदाला सासूकडे ठेवून ती घाटकोपरला गेली. डोंगराच्या पायऱ्या चढताना दोनदा मागे फिरली. शकु दारातच तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, श्रुतिकाच्या मागे पाहिलं.

"एकटीच आलीस?"

"हो. म्हटलं, तुला..."

"वेडी आहेस का? तिला बघायचं होतं मला," शकु म्हणाली. सूप बाजूला सरकवलं, डोळ्यांना पदर लावला, मग चिडल्यासारखा हात पुढे केला. "फोटो तरी आहे का? दाखव."

श्रुतिकाने फोन उघडला.