दोन ब्रेकचे मास्तर

वर्गात शिरण्याआधी मास्तर दाराबाहेर क्षणभर थांबायचे. आत सर्वांत मोठा आवाज कुणाचा आहे ते ऐकायचे. नवा खडू घेतला की आधी मोडून त्याचे दोन तुकडे करायचे. अख्खा खडू किंचाळतो म्हणायचे. चहा गार झाल्याशिवाय प्यायचे नाहीत. कुणाचं कौतुक करायचं असलं की आधी चष्मा पुसायचे. बसायला कायम शेवटचा बाक. आणि समोरच्या शिकाऊ शिक्षकाचा पाठ घसरू लागला की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा.

हा पाय शिक्षणशास्त्राचा नव्हता, मोटारीचा होता. अध्यापक विद्यालयात येण्याआधी मास्तर शाळेत होते, आणि शाळेच्याही आधी, ऐन उमेदीत, लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. गाडी सुटली, पदव्या आल्या, केस पिकले. पाय मात्र तिथेच राहिला. शिकाऊ शिक्षकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, दोन ब्रेकचे मास्तर. त्यांना ते ठाऊक होतं. "एक निकामी झाला तर दुसरा असतो," ते म्हणायचे. "नाव वाईट नाही."

विद्यालय लहान. शिकवणारी माणसं एका टेबलाभोवती मावायची, आणि त्यातलं कुणीही सरळ वाटेने तिथे आलेलं नव्हतं. प्राचार्या, म्हणजे मोठ्या बाई, पूर्वी शाळा तपासायच्या. अजूनही कुठे गेल्या की आधी पाण्याची टाकी बघायच्या. मानसशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टर मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. कुणी भरभर बोलू लागलं की त्यांची बोटं त्याच्या मनगटाकडे जायची. गणिताचे मोजणीसाहेब जमीन मोजायच्या कामावरून आलेले. रिकाम्या व्हरांड्यातही ते पावलं मोजत चालायचे. चित्रकलेच्या पेंटरने अर्धं आयुष्य नाटकांचे पडदे रंगवले होते. त्यामुळे विद्यालयातलं प्रत्येक कपाट समोरून सुंदर होतं आणि मागून कोरं.

आणि मग ती आली. साहित्यात पहिली आलेली, भाषा शिकवायला, एका वर्षाच्या बोलीवर. वर्षाअखेर तिला ठेवायचं की नाही ते मोठ्या बाई ठरवणार होत्या.

पहिल्याच दिवशी मोजणीसाहेबांनी विचारलं, "आम्ही सगळे कुठून कुठून आलो ते कळलं. तुम्ही आधी काय करायचात?"

"वाचायचे," ती म्हणाली.

टेबल खदखदून हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

शिकाऊ शिक्षकांपुढे ती चांगली बोलायची. ते लिहून घ्यायचे, मान डोलवायचे. पण त्या विद्यालयात एक रिवाज होता, मास्तरांनीच पाडलेला. त्याला खरा तास म्हणत. शिकवावं कसं हे जो शिकवतो, त्याने वर्षातून एकदा शेजारच्या शाळेत जाऊन चौथीच्या मुलांना स्वतः शिकवायचं. मागे भिंतीला टेकून सगळे शिकाऊ आणि सगळे सहकारी बघत बसणार. मोठ्या बाईंचीही त्यातून सुटका नव्हती. आणि नव्या माणसाला ठेवायचं की नाही, हे त्या तासावरच ठरायचं.

तिची पाचावर धारण बसली. चौथीतल्या मुलांशी तिचा संबंध स्वतः चौथीत असतानाच काय तो आलेला. तिने एक कविता निवडली. त्या कवितेत जुनं दार घरातल्या माणसांची गाऱ्हाणी सांगतं. निर्जीव वस्तूला माणसासारखं बोलायला लावणाऱ्या चेतनगुणोक्ती अलंकारावर तिने छान टाचण काढलं. मग शिकाऊ शिक्षकांनाच चौथीची मुलं व्हायला सांगून रंगीत तालीम घेतली. ती इतकी सुरेख झाली की पेंटरने टाळ्या वाजवल्या.

मास्तर चहा गार व्हायची वाट बघत होते.

"कसं वाटलं मास्तर?"

"मैदानात गाडी सगळ्यांनाच येते, पोरी."

"म्हणजे?"

"ही दाढ्या-मिश्यांची मुलं. तुला काय हवंय ते ह्यांना आधीच माहीत. प्रश्न संपायच्या आत उत्तर हजर. रस्त्यावर असं होत नाही. रस्त्यावर कुत्रं आडवं येतं."

"मग मी काय करू?"

"फळ्याकडे वळण्याआधी आरशात बघ."

"वर्गात कुठला आरसा?"

"शेवटचा बाक. तिथलं पोरगं काय करतंय ते बघितल्याशिवाय वळायचं नाही. बाकी कवितेतलं मला काय कळतंय? ते तुझं तू बघ."

"आणि अडकले तर? तुम्ही आहात ना मागे?"

"आहे की. पण माझ्या पायाखाली आता नुसती फरशी आहे."

तासाच्या दिवशी ती विद्यालय आणि शाळा यांच्यामधल्या छोट्या दारातून चौथीच्या वर्गात गेली. मागे सगळे बसले होते, मोठ्या बाई खिडकीशी. तिने कविता म्हटली. आवाज बरा लागला. मग तिने विचारलं, "मुलांनो, दार काय सांगतंय आपल्याला?"

एकही हात वर गेला नाही. तालमीत इथे अकरा हात वर गेले होते.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "बाई, दार बोलत नाही."

वर्ग फिस्सकन हसला. मागे एक शिकाऊही हसला.

"खरं दार नाही बोलत. पण कवितेतलं..."

"मग कविता खोटी आहे?"

"हो, खोटी!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि चौथी सुटली. कुणी बाक वाजवला. कुणाचं दप्तर पडलं. तिचं टाचण डोक्यातून पुसल्यासारखं गेलं. चेतनगुणोक्ती हा शब्द जिभेवर आला आणि तिला त्याची लाज वाटली. पाठ फिरवावी, फळ्यावर काहीतरी लिहावं, निदान तोंड तरी लपेल असं वाटलं.

ती वळली नाही. तिने शेवटच्या बाकाकडे बघितलं.

तिथे एक मुलगा पेन्सिलीने बाकाची फट कोरत होता. त्याच्या मागे मास्तर. सगळे शिकाऊ त्यांच्याकडेच बघत होते, आता उठतील म्हणून. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा पाय फरशीवर सैल पडला होता.

तिने खडू ठेवून दिला.

"तुमच्या घरचं दार वाजतं कसं?"

"कर्रर्र!" पहिला आवाज आला. मग धाड, मग खट्‌खट्‌, मग कुणाचं लोखंडी, कुणाचं सरकणारं. "आमचं आधी उचलावं लागतं, बाई!" मोजणीसाहेबांना राहवलं नाही, त्यांनी मागून आपल्याही दाराचा आवाज काढला. सिस्टरनी त्यांना कोपराने ढोसलं. मोठ्या बाईंनी तपासणीला आल्यासारखं दोघांकडे बघितलं.

त्या गोंधळात फट कोरणारा मुलगा म्हणाला, "बाबा आले की आमचं वेगळं वाजतं."

"कसं रे?"

त्याने पेन्सिल ठेवली. तळहात बाकावर हळूच टेकवला. काहीच ऐकू आलं नाही. "असं. आईची रात्रपाळी असते ना, ती झोपलेली असते."

वर्ग गप्प झाला. न वाजलेलं ते दार सगळ्यांनी ऐकलं होतं, हे तिला कळलं. ती त्याच्या बाकाशी गेली.

"मग आता हे दार काय म्हणालं?"

"हळू, म्हणालं."

तिने दोन वेण्यांकडे बघितलं. "काय गं? बोलतं का दार?"

मुलीने विचार केला. "बोलतं," ती नाइलाजाने म्हणाली. "पण थोडंच."

मग तिने कविता पुन्हा म्हटली. या वेळी मुलं म्हणू लागली, दाराच्या आवाजांसकट. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

व्हरांड्यात सिस्टरनी तिचं मनगट धरलं. "केवढी धावतेय नाडी! पण चांगली धावतेय." पेंटर म्हणाला, पडदा पडायच्या आधी पळून न जाणारी नटी त्याने फार दिवसांनी बघितली.

मास्तरांची रीत वेगळी होती. कुणाच्याही पाठानंतर ते तीन गोष्टी सांगायचे. एक, काय जमलं. दोन, कुठे घसरलं. तीन, उद्या काय करायचं. लिहून कधीच द्यायचे नाहीत. तोंडावर, उभ्याने सांगायचे. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. फार वेळ पुसला.

"एक," ते म्हणाले. "वळली नाहीस."

"आणि दोन?"

तेवढ्यात शिकाऊ शिक्षकांचा घोळका आला. दुसऱ्या दिवशी कुणाकुणाचे पाठ, कुठल्या वर्गावर, एकच गिल्ला. मास्तर त्यांच्यात सापडले. "दोन आणि तीन उद्या," त्यांनी डोक्यांवरून ओरडून सांगितलं. "तोवर मिरवून घे!"

ती मिरवली. घरी आईला फोन करून प्रत्येक दार वाजवून दाखवलं.

सकाळी टेबलाभोवती सगळे उभे होते. कुणीच बसलं नव्हतं. सिस्टर तिच्याजवळ आल्या, या वेळी त्यांनी मनगट नाही, खांदा धरला. "मास्तर गेले गं. पहाटे. बूट घालताना खुर्चीत बसले ते बसलेच."

ती म्हणाली, "पण त्यांना मला सांगायचं आहे अजून."

सिस्टरनी खांदा सोडला नाही.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी तिला आत बोलावलं. "तू राहतेस," त्या म्हणाल्या. "तुझ्या तासाच्या संध्याकाळीच मास्तर दारात येऊन उभे राहिले होते. म्हणाले, ही आपली आहे. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, तुम्ही होतात ना तिथे." त्यांनी टेबलावरचं पाणी तिच्याकडे सरकवलं. "शिकाऊंचे पाठ बघायचं काम आता तुझ्याकडे. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

आता ती पाठ बघते. पाठ संपला की शिकाऊ तिच्यापुढे येऊन उभे राहतात, आणि ती त्यांना तिन्ही गोष्टी त्याच दिवशी सांगते. घोळका आला तर त्याला थांबवते. कधी व्हरांडा रिकामा असला की स्वतःचा तास मनात पुन्हा घेते आणि कुठे घसरलं ते शोधते. जागा बऱ्याच सापडतात. त्यांतली मास्तरांना दिसलेली कुठली, ते सांगायचं राहून गेलं. तिसरी गोष्टही.