अनावश्यक संभाषण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचं सलून आहे त्याला सगळे रेडिओ म्हणतात. अगदी तोंडावरसुद्धा. त्याला त्याचं वाईट वाटत नाही. उलट कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तोच मागे वळून बघतो, कुणाला बोलावतायत म्हणून.

दुकान एवढंसं. खुर्च्या दोन, एक वर-खाली होते, दुसरी नुसतीच खाली जाते. आरसे समोरासमोर असल्यामुळे बोलणारे रेडिओ एका वेळी सात-आठ दिसतात. कात्री सुरू झाली की तोंड सुरू. ओठांवर साबण असला की गिऱ्हाइकाला उत्तर देता येत नाही आणि गळ्यापाशी वस्तरा असला की उठून जाता येत नाही. असे श्रोते भल्याभल्या वक्त्यांच्या नशिबी नसतात.

त्या वर्षी शहरात खोकल्याची मोठी साथ येऊन गेली आणि पालिकेनं दुकानांसाठी आरोग्याचे नवे नियम करायला घेतले. मसुदा छापून दुकानोदुकानी वाटला. टॉवेल उकळून घ्यावेत, ब्लेड दर वेळी नवं वापरावं, केर झाकून ठेवावा. रेडिओला सगळं मान्य होतं. तो ते आधीपासून करतच होता. शेवटच्या कलमाशी मात्र तो अडखळला. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, "सेवा देताना कारागिराने ग्राहकाशी अनावश्यक संभाषण करू नये."

खुर्चीत बेकरीवाला होता, नाकापर्यंत फेसात.

"अनावश्यक? मी कधी अनावश्यक बोलतो का हो?"

बेकरीवाल्यानं डोळे मिटून घेतले. रेडिओनं त्याचा अर्थ 'छे, छे' असा लावला.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं घर. तिथं त्याची बायको शाळांचे गणवेश शिवते. ती फारसं बोलत नाही, कारण तिच्या ओठांत कायम टाचण्या असतात. ही सवय लग्नानंतर लागली, असं ती सांगते.

मसुद्यावर हरकती ऐकायला पालिकेनं जनसुनावणी ठेवली. रेडिओनं भाषणाची तयारी सुरू केली. गल्लीतल्या प्रत्येक डोक्यावर त्यानं ते म्हणून पाहिलं. शिवाय दोन वजनदार माणसं आपल्या बाजूनं उभी केली : एक बेकरीवाला, दुसरे गणिताचे निवृत्त मास्तर. "येतो येतो," दोघं म्हणाले. मानेवर वस्तरा असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

सुनावणीला आम्ही बरेच जण गेलो. पालिकेचं सभागृह गच्च भरलेलं. मंचावर अध्यक्षबाई, शेजारी तरुण आरोग्य अधिकारी आणि कोपऱ्यात घंटी घेऊन बसलेला कारकून. प्रत्येकाला तीन मिनिटं. एक गृहस्थ आपल्या नळाला पाणी येत नाही म्हणून आले होते. ही ती सुनावणी नव्हे, हे त्यांना दोनदा सांगून झालं, तरी ते बसून राहिले.

रेडिओचं नाव पुकारलं. तो ऐटीत माइकपाशी गेला आणि म्हणाला, "मी..."

तो 'मी' भलामोठा होऊन छतावरून परत आला. रेडिओ दचकला. इतकी वर्षं बोलत होता, पण स्वतःचा आवाज त्यानं बहुधा पहिल्यांदाच ऐकला. समोर शेकडो डोकी, पण हाताशी एकही नाही. त्याची बोटं हवेत नुसतीच कात्री चालवू लागली. कारकुनानं घंटी वाजवली.

"मी न्हावी आहे," एवढं म्हणून तो खाली बसला.

मग मास्तर उठले. "हा माणूस सोन्यासारखा आहे. हात इतका हलका, की दाढी झालेली कळत नाही."

रेडिओची मान जरा वर झाली.

"पण कलमाचं म्हणाल तर," मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "कलम राहू द्या."

सभागृह खो-खो हसलं. बेकरीवाला जागेवरूनच ओरडला, "माझंही तेच! माझा सख्खा भाऊ वेगळी बेकरी काढतोय, हे मला याच्याकडून कळलं. तोंडाला साबण लावलेला असताना! ओरडताही आलं नाही मला."

रेडिओचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा मागच्या रांगेतून त्याची बायको उठली. तोंडातल्या टाचण्या काढून तिनं पदराला लावल्या आणि थेट माइक गाठला.

"बाई, तुमचं नाव नोंदवलेलं नाही," कारकून म्हणाला.

"लग्न नोंदवलेलं आहे. यांच्याशी."

अध्यक्षबाईंनी हातानंच 'बोला' म्हटलं.

"यांचं बोलणं दिवसभर गिऱ्हाइकांत वाटलं जातं," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं. ते तुम्ही दुकानात बंद केलंत तर जाईल कुठं? नळ इकडून दाबला की पाणी तिकडून उसळतं. ते सगळं घरी येणार, आणि घरी मी एकटी! मास्तरांना एक दाढी होईपर्यंत सोसवत नाही, मग मी काय करावं? तुम्ही आरोग्याचा नियम करताय ना? मग माझं आरोग्य कुणी बघायचं?"

"नळाचा विषय निघाला का?" ते गृहस्थ ताडकन उभे राहिले.

त्यांना बसवेपर्यंत बराच वेळ गेला. अध्यक्षबाई रुमालाआड हसत होत्या. त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, "कुटुंबीयांचा विचार झालाय का मसुद्यात?"

"नाही, मॅडम," तो म्हणाला आणि घाईनं लिहू लागला.

परतताना रेडिओ दोन पावलं पुढंच चालत होता. बायकोनं विचारलं, "रागावलात?"

"तू माझी बाजू घेतलीस, हे कळलं. कुठल्या बाजूनं घेतलीस, ते बघतोय."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं दुकानात तोंडाला कुलूप लावलं. बसा, मान खाली, झालं. एवढंच. सुरुवातीला सगळ्यांना हायसं वाटलं. मग कात्रीची करकर ऐकू यायला लागली, पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली, आणि लोक आरशात स्वतःचीच तोंडं बघून कंटाळले.

मास्तर आले तेव्हा बाकावर मी बसलो होतो. थोडा वेळ त्यांनी शांतता सोसली. मग म्हणाले, "काय विशेष?"

"काही नाही."

मास्तर चुळबुळले. आणि मग तेच बोलायला लागले. बायको गेल्यापासून घरात भांडं पडलं तरी दचकायला होतं, मुलगा फोनवर तब्येत विचारतो आणि उत्तराआधीच ठेवतो, भाजी एका माणसाची करायला अजून जमत नाही. केस कापून झाले, तरी मास्तर थांबेनात. रेडिओनं कात्री हवेतच चालू ठेवली, म्हणजे त्यांना उठावं लागू नये. असं गप्प राहून दुसऱ्याचं ऐकताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी चादर झटकत तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही फार बोलता हो."

मास्तर हसले, तसा तोही हसला. आणि त्याचं कुलूप जे उघडलं, ते उघडलंच.

पुढे नियम पक्के होऊन आले. ते कलम बदललं होतं : कारागिराने मुखपट्टी लावूनच संभाषण करावे. बायकोनं मुखपट्टी लगेच शिवून दिली, चांगली चौपदरी. त्यातून त्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही. लोक 'काय?' म्हणून विचारतात, आणि मग तो सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

मास्तर हल्ली केस वाढायची वाट बघत नाहीत. परवा ते बाकावरून बोलत होते, रेडिओ मुखपट्टीतून बोलत होता, आणि मध्ये फेसाआड बसलेला बेकरीवाला एकदा इकडे, एकदा तिकडे डोळे फिरवत होता.