लालबागचा शिलाई क्लास

बऱ्हाणपूरच्या समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्याच लालबागमध्ये जिना चढून वरच्या खोलीत चालणाऱ्या शिलाई क्लासात आजवर एकही ब्लाउज शिवला गेलेला नाही.

खात्रीने सांगते, कारण क्लास चालवणारी मीच. खरं पद प्रोजेक्ट मॅनेजर. आमची संस्था सरकारी पैशावर समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या आरोग्याचं काम करते. त्या वरच्या खोलीला आम्ही ड्रॉप-इन सेंटर म्हणतो. यायचं, टेकायचं, हवी तर एचआयव्हीची तपासणी, नको तर नुसता चहा. दारात मोडकं मशीन आणि क्लासची पाटी. गल्ली खूश, घरमालक खूश.

किशोर जवळजवळ रोज यायचा. फोपनार गावचा, केळीच्या गाड्या भरून घ्यायच्या कामावर. घरी बायको, लहान मुलगी. बाहेर हसण्याआधी तो आजूबाजूला बघायचा. आमच्याकडे खदाखदा हसायचा.

मग वरून, भोपाळहून, आदेश आला. पुढच्या वर्षी सेंटरला पैसा नाही, फक्त तपासण्या करा.

येणाऱ्यांचं स्वतःचं एक मंडळ होतं. अध्यक्ष शन्नो. तृतीयपंथी, वयाने मोठी, तोंडाने लवंगी माळ.

"ताई, तू बोलली तर संस्था बोलली. आमी बोललो तर पब्लिक बोलली. भोपाळले आमीच जातो."

"किशोरपण?"

"घरी सांगंल, केळीच्या गाडीसंगं चाललो."

भोपाळच्या बैठकीला इतर शहरांची मंडळंही होती. पैसा देणाऱ्या खात्याचे मोठे साहेब बऱ्हाणपूरचे जावई, त्यामुळे आमच्याशी हौसेने मराठी बोलत.

"खोली कशाला हवी? तपासणी दवाखान्यातपण होते."

शन्नोने टाळीसाठी हात उचलले. मी ते घट्ट धरले. तेवढ्यात किशोर उठला.

"साहेब, दवाखान्यात पेशंट जातो. मी कित्येक महिने तिथं नुसता बसाले येत होतो. मंग कुठं सुई टोचून घेतली. खोली नसती तर तुमची सुई माह्यापर्यंत आलीच नसती."

साहेबांनी पेन उघडलं. खोली मंजूर! वर मंडळांची दुसरी मागणीही मान्य झाली. सेंटरला बजेटमध्ये स्वतंत्र हेड, म्हणजे पैशाचा वेगळा कप्पा, कुणी परस्पर कापू नये म्हणून. परतताना शन्नोने रेल्वेच्या अख्ख्या डब्याला फुकट आशीर्वाद वाटले.

आता आमच्या धंद्यातली गोम ऐका. स्वतंत्र हेड मिळालं की जागेला बोर्ड लागतो. योजनेचं नाव, लाभार्थी कोण, सगळं ठळक अक्षरांत, दर्शनी भागावर. इतकी वर्षं ती खोली आमच्या ऑफिसखर्चात दडून बसली होती, म्हणून बोर्डापासून वाचली होती.

मी साहेबांना फोन लावला. "सर, बोर्ड बघून कुणी जिना चढणार नाही."

"मॅडम, बोर्डाचा फोटो अपलोड झाल्याशिवाय हप्ता सुटत नाही. सिस्टिमच घेत नाही."

क्लासची पाटी उतरली, बोर्ड चढला. माणसं यायची थांबली. किशोर तेवढा आला.

"अरे, तू कशाला आलास?"

"भोपाळले मीच बोललो ना ताई. आता मीच नाही आलो तर कोन येईल?"

किशोर जिना उतरला तर समोर त्याचा मेहुणा उभा होता. आधी त्याने किशोरकडे पाहिलं, मग बोर्ड वाचला.

पुढचं शन्नोने सांगितलं. फोपनारच्या भरचौकात किशोरला मारलं. हात मोडला. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. किशोर कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. फोन बंद आहे.

नव्या स्टाफला मी आता एवढंच शिकवते: मंजुरीचे पेढे वाटण्याआधी मंजुरीच्या अटी वाचा.

इन्स्पेक्शनला साहेब स्वतः आले. स्वच्छ गाद्या, नवा आरसा, नवा पंखा. आणि शन्नो आणि मी. साहेबांनी रजिस्टर चाळलं. कोरं होतं. ते जिना उतरले. शन्नो नि मी मागोमाग. गाडीत बसता बसता साहेबांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा मॅडम, बोर्ड मात्र झकास झालाय! पार चौकातून वाचता येतो!"