सायबांनी पासवर्ड विचारला

आमच्या घरात तोंडाआधी हात चालायचा. वडील पारोळ्याच्या बाजारात हमाली करायचे. पोती उचलून उचलून त्यांचे पंजे फळीसारखे झाले होते, आणि त्या फळ्या आम्हा दोघा भावांच्या पाठींनी पुष्कळ खाल्ल्या. थोरल्याला मी भाऊच म्हणायचो. अंगानं माझ्या दुप्पट, स्वभावानं गाय. मी त्याच्या उलट. काडीपैलवान, पण जीभ अशी की मार ओढवून घेणारी. वडिलांनी माझ्यावर हात उगारला की भाऊ मध्ये घुसायचा. माझ्या वाट्याचा निम्मा मार तरी त्यानंच खाल्ला असेल.

नव्वद साल उलटून गेल्यावर धुळ्यात कॉम्प्युटरचे क्लास निघाले. आमचा क्लास एका कापड दुकानाच्या माडीवर होता. बारावी झालेले आम्ही दोघंही एसटीनं जायचो; भाऊ कापसाच्या जिनिंगमधली रात्रपाळी संपवून, डोळे तांबारलेले घेऊन. क्लासचे सर आधी टायपिंग शिकवायचे. कॉम्प्युटर आल्यावर त्यांनी टाइपरायटर विकून टाकले, मारायची खोड तेवढी ठेवली. फक्त छडीच्या जागी प्रिंटरची जुनी केबल आली. बोटाएवढी जाड, आणि टोकाला लोखंडी कडेचा चपटा प्लग. उशीर झाला, केबल. रॅम आणि रॉममधला फरक सांगताना कोणी अं अं केलं, केबल. चपला घालून आत पाऊल टाकलं तर दोन केबल, कारण त्यानं मशीनला व्हायरस लागतो म्हणे! हसू नका. तेव्हा आम्ही नळावर पाय धुऊन वर जायचो.

तिथं एक मोठं मशीन होतं आणि त्याला जोडलेले पडदे. प्रत्येकानं आपलं नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, मग काम. त्याची व्याख्या सरांनी पाढ्यासारखी घोकून घेतली होती. 'पासवर्ड हा गुप्त शब्द असून तो कोणालाही सांगू नये.' सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. अर्थ कोणाच्या डोक्यात शिरला होता देव जाणे.

अशात एका सूतगिरणीत पगाराचं काम कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. त्यांना एक ऑपरेटर हवा होता. जागा एकच, आणि गिरणीचे साहेब स्वतः क्लासवर येऊन तोंडी परीक्षा घेणार होते. वडिलांची कंबर तोवर कामातून गेली होती. ही नोकरी मिळाली नाही तर सोमवारपासून मीही जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायच्या, असं त्यांनी मुकादमाला सांगून ठेवलं होतं. गाठ अंगावर घेताना माणसं मोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे, तिच्यासाठी मी कोणाचाही गळा धरला असता.

साहेब सफारीत आले, चहा घेतला. त्यांनी आधी प्रत्येकाला मशीनवर बसवलं. नवा पासवर्ड टाका, हे एवढं पत्र टाइप करा, उठा. मी आणि भाऊ नेहमीसारखे एकाच बाकावर होतो. मी एका बोटानं अक्षर शोधत टाइप करायचो, तेव्हा शेजारच्याला काय दिसणार नाही?

मग एकेकाला टेबलापुढं उभं केलं. सॉफ्टवेअर कशाला म्हणतात? एक जण म्हणाला, "जे हाताला मऊ लागतं ते." सरांची केबल त्याच्या पोटऱ्यांवर बसली. व्हायरस कशानं पसरतो? "ओल्या हातानं, सर." परत केबल. साहेब टिपत होते. आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न, मान वर न करता, "बरं, मघाशी पासवर्ड काय टाकलास?"

आणि सगळ्यांनी सांगितला! भडाभडा सांगितला. कोणी आईचं नाव, कोणी देवाचं. एवढा मोठा साहेब विचारतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आमच्याकडं मोठ्या माणसाला नाही म्हणायची रीतच नाही. भावानं तर हात जोडून सांगितला.

शेवटी माझी पाळी आली. सॉफ्टवेअर सांगितलं, व्हायरस सांगितला, सगळं बरोबर. मग तो प्रश्न.

"नाही सांगणार," मी म्हणालो.

ती माझी हुशारी होती असं म्हणणार नाही. आल्यापासून त्या माणसानं आमच्याकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं, त्याचा राग आला होता. आता मात्र त्यानं मान वर केली.

"सायबांना उलट बोलतोस?" सर उठले. पहिली केबल खांद्यावर बसली.

साहेब शांतपणे म्हणाले, "विचारा त्याला. सांग म्हणावं."

बस्स, सरांना तेवढंच हवं होतं. पाठीवर, दंडावर, मांडीवर. मी टेबलाची कड धरली आणि दर फटक्याला ओरडायला लागलो. "पासवर्ड हा गुप्त शब्द असून," सट्! "तो कोणालाही," सट्! "सांगू नये!" पोरं भिंतीला चिकटली. सर घामाघूम झाले होते, त्यांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. आणि साहेब? पेन बोटात फिरवत बघत होते. त्या मास्तरचा राग मी कधीच विसरून गेलो, पण त्या बघण्याचा राग आजही माझ्या छातीत तसाच आहे.

मग केबलचा प्लग डाव्या कानावर बसला. आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. शर्टाच्या कॉलरवर ऊन ऊन रक्त आलं.

भाऊ बाक ओलांडून आला. त्यानं मला पोटाशी घेतलं आणि पाठ सरांकडं केली. मनात आणलं असतं तर त्यानं सरांना केबलसकट खिडकीबाहेर भिरकावलं असतं. पण मास्तरवर हात उचलायचा नाही, हे त्याच्या हाडात होतं. सर त्याच्यावरूनही मला मारायला बघत होते, आणि फटके त्याच्या पाठीवर बसत होते.

"मारी टाकशात का त्याले?" भाऊ फाटक्या आवाजात ओरडला. "थांबा! मी सांगस!"

आणि त्यानं माझा पासवर्ड सांगून टाकला. तो शब्द काय होता, ते तुम्हालाही सांगणार नाही.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बाकीच्यांनी मागितल्याबरोबर घराची किल्ली परक्याच्या हातात दिली," ते म्हणाले. "हा एकटा पास होत होता. गिरणीत उद्या कोणी दमदाटी केली तर कुठवर टिकतो, तेवढंच बघायचं होतं. टिकला. पण याची किल्ली भावाकडं निघाली. मग याला हात कोण लावेल? भावाला धरतील." सरांकडं वळून ते म्हणाले, "आम्ही बाहेरून माणूस घेऊ."

"बघायचं होतं?" मी त्यांच्या सफारीच्या कॉलरलाच हात घातला. "माणूस मार खातोय आणि तू बघत बसलास, भडव्या?" बटण तुटून उडालं. सरांनी आणि पोरांनी मला ओढत नेऊन जिन्यात ढकललं, वरून आमच्या चपला फेकल्या.

स्टँडवर पारोळ्याची गाडी लागली नव्हती. मी भावाला खांबाशी गाठलं आणि मारायला सुरुवात केली. बुक्क्या, लाथा, तोंडावर, पोटात. "तुले कोणी सांगेल व्हतं तोंड उघडाले?" त्यानं हात वर केला नाही. माणसं जमली. एक कंडक्टर मला धरायला पुढं आला, तर भाऊच त्याला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मन्हा भाऊ शे." त्याचा ओठ फुटला तरी मी थांबलो नाही. माझेच हात दुखायला लागले तेव्हा बाकड्यावर जाऊन बसलो. सोमवार डोळ्यापुढं दिसत होता.

भाऊ येऊन माझ्या डाव्या बाजूला बसला. बाहीनं ओठ पुसत होता. थोड्या वेळानं मी पाहिलं, तो माझ्याशी काहीतरी बोलत होता.

"काय?" मी म्हणालो.

त्याचे ओठ पुन्हा हलले. उजवीकडून गाड्यांची घरघर येत होती, शेंगावाल्याची हाळी येत होती. त्याच्याकडून काहीच नाही.

"जोरात बोल ना!" मी खेकसलो.

भाऊ जवळ सरकला. मग त्यानं माझ्या डाव्या कानाशी हात आणला आणि चुटकी वाजवली. बोटं हललेली मला दिसली, एवढंच. मी मान हलवली.

सरांची केबल खाऊन, माझ्या लाथा खाऊन जो रडला नव्हता, तो भर स्टँडवर हमसून हमसून रडायला लागला. उठला, वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, "मी पहिलेच सांगाले पाहिजे व्हतं रे."