पवनीच्या घाटावर रीळ बघायला गेलो

जुनं फिशिंग रीळ घ्यायचं तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन घ्यावं, असं माझं मत. पवनीचा सिद्धार्थ मात्र फोनवर एकच धरून बसला होता, "घरी नका येऊ सर. घाटावर भेटू." फोटोत चार हजार साइजचं, म्हणजे मध्यम आकाराचं रीळ कोरं दिसत होतं, आणि किंमत नव्याच्या निम्मी. चोरीचं असेल का? नागपुरात बसून मी तो फोटो इतक्यांदा मोठा करून पाहिला, की बायको वैतागली. "जाऊन तरी या एकदाचे!"

रविवारी सकाळी मोटरसायकल काढली. उमरेडला थांबून तर्री पोहे खाल्ले. तुम्हीही तिथेच खा, पुढे सकाळी गरम काही मिळेलच असं नाही. भिवापूरनंतर धानाने भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवतात. त्यांच्या मागे निमूट राहावं, पवनी काही पळून जात नाही. जुन्या वेशीतून आत गेलो, विचारत विचारत वैनगंगेच्या घाटावर उतरलो.

सिद्धार्थ तिशीतला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. रीळ टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. बोलताना सारखा मागे वळून पायऱ्यांकडे बघत होता. ते मला मुळीच आवडलं नाही.

स्पूलच्या, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चाकाच्या कडेवर छापलं होतं: ०.३० – २४०. म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीची लाईन दोनशे चाळीस मीटर मावते. नवख्यांनी रीळ घेताना आधी हे वाचावं. स्पूल काठाच्या किंचित खालपर्यंत भरलेला हवा. कमी भरला तर फेक लांब जात नाही, काठोकाठ भरला तर वेटोळी सुटून गुंता होतो. याचा स्पूल अगदी बरोबर भरलेला होता.

"लाईन किती आहे?"

"असन ऐंशी-पंच्याऐंशी मीटर तंगूस."

दोनशे चाळीसच्या जागी पंच्याऐंशी? मग नक्कीच खाली काहीतरी कोंबलंय.

"सगळी उलगडून दाखवा."

"उलगडाले काय लागते सर? घ्यायचं तं घ्या!"

माझी खात्रीच पटली. मी हट्ट धरला तेव्हा तो कुरकुरत लाईनचं टोक घेऊन वाळूवरून चालत लांब गेला. स्पूलला बांधलेली शेवटची गाठ आली. खाली नुसता धातू चमकत होता. काहीच कोंबलेलं नव्हतं. मग लाईन चिमटीत धरली आणि कळलं. चांगली अर्धा मिलिमीटर जाड होती. जाडी एवढी वाढली की मावणारी लांबी जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. रिळात काहीच खोट नव्हती.

"काहून विकता?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"मोठा मासा लागला होता सर. धावत सुटला, तंगूस गाठीपर्यंत खतम झाला अन् तुटला. रीळच फालतू निघालं."

मी मान हलवली. काही बोललो नाही. निम्म्या किमतीत उत्तम रीळ समोर होतं.

तेवढ्यात वर स्कूटी थांबली. नर्सच्या गणवेशातली एक बाई तरातरा पायऱ्या उतरून आली. सिद्धार्थचा चेहरा पडला. ती त्याची बायको, प्रज्ञा.

"चार दिवसापासून लपूनछपून फोन करून राहिले! कोन आहेत हे?" मग तिची नजर माझ्या हातावर गेली. "हे तं मी देल्लं होतं. माह्या पयल्या पगाराचं. विकून राहिले काय जी?"

तो वाळूकडे बघत म्हणाला, "तू हौसेनं आणलेलं रीळ फालतू निघालं, हे तुले कोन्या तोंडानं सांगू?"

ती ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभी राहिली. मला ते बघवेना.

"रीळ चांगलं आहे," मी म्हणालो, "तंगूस जाड पडला." आणि काठावरचे आकडे दाखवून सगळं समजावलं.

तिने ऐकून घेतलं, मग डोळे बारीक केले. "मंग हे तुमी यायले आधी काहून नाई सांगतलं?"

सिद्धार्थही आता माझ्याकडे निरखून बघत होता.

या रिळावर भरायला म्हणून आणलेली माझी ०.३० ची नवी लाईन मी पिशवीतून काढली. प्रज्ञाने ओल्या फडक्यात ती ताणून धरली, सिद्धार्थने रीळ माझ्या गळाच्या काठीला लावून फिरवलं. लाईन सैल गुंडाळली तर ऐन वेळी रुतून बसते, म्हणून हा ताण हवाच. पहिल्याच फेकीत गळ इतका लांब जाऊन पडला, की दोघं एकदम हसली. मासा काही लागला नाही.

"जेवाले चला," प्रज्ञा म्हणाली. जरा तुटकच म्हणाली, पण म्हणाली. भात आणि बाजारातल्या रोहूचा झणझणीत रस्सा होता. मला दुसऱ्यांदा वाढताना तिने विचारलं, "खरंच घेणार होते, का असेच लोकायचे रीळ पाहत फिरता?"

अंधार पडायच्या आत नागपुरात पोचलो. बायकोने पिशवी उलटी केली.

"रीळ नाही, मासा नाही, होती ती लाईनही गायब. खरं सांगा, कुठे गेला होता?"

मी तिला सगळं सांगितलं. घाटावर गप्प राहिलो, तेवढं सोडून.